जोमाकाकांनी फोडलेली सहा बुचं

जोमाकाका,

तुमच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात टेबलावर नकाशा पसरून बसले होते. "बाबा गेले. पहाटे, झोपेतच," ती म्हणाली. तुमच्यापासून काय लपवायचं, मला लगेच रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते असं की, बरं झालं, मी त्या रविवारी येऊन गेले. तीन आठवड्यांपूर्वीचा तो रविवार मी नेहमीसारखा पुढे ढकलला असता तर? दहा वर्षं ढकलतच होते. फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन नुसती उभी राहिले. रडू आलं ते घरी गेल्यावर, भाजी चिरताना.

तुमच्याबद्दल लोक जे बोलायचं ते बोलले. जूचंद्रचा माणूस, मिठागरावर वाढलेला, तोंडाने फटकळ, हाताने नेटका. ते सगळं खरंच आहे. मला मात्र तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण आपलं बोलणं त्या रविवारी कुठे नीट सुरू झालं होतं.

मी पहिल्यांदा साइटवर आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. सांगलीहून लग्न होऊन आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये आलेली, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, आणि कंत्राटदाराकडे साइट इंजिनियर म्हणून पहिलीच नोकरी. भातशेतावर भराव घालून तयार केलेली ती जागा, खाडी पलीकडेच. एका संस्थेने तिथे तरणतलाव बांधायचा घाट घातला होता. तुम्ही मुकादम, तुमच्या हाताखाली तीसेक माणसं. सिमेंटच्या गोण्यांवर मी नकाशा उलगडला आणि तुम्ही चष्मा पुसत पुढे आलात.

आर्किटेक्टने असं काही काढलं होतं, जे आपल्या भागात कोणी पाहिलं नव्हतं. इमारतीला भिंतीच नाहीत. वर लोखंडी पाइपांचे त्रिकोण जोडून केलेलं भलं मोठं छप्पर, मध्ये एकही खांब नाही, चार कोपऱ्यांत फक्त चार खांब. पश्चिमेकडे छप्पर खाली उतरत आणलेलं, म्हणजे पाऊस बाहेर राहावा आणि खाडीवरचा वारा आत यावा. आणि टँकला काठ नाही. पाणी थेट फरशीच्या पातळीत, चारी बाजूंनी जाळीखालच्या पन्हळीत सांडणार, तिथून खालच्या टाकीत, तिथे साफ होऊन परत वर. काठावर आपटून लाटा मागे येत नाहीत, पोहणाऱ्याला पाणी शांत मिळतं. मी हे सगळं नुकतंच पाठ केलेलं, त्यामुळे मोठ्या रुबाबात सांगत होते.

तुम्ही बराच वेळ कागदाकडे पाहून विचारलंत, "काठ कुठं हाय?"

"काठ नाही काका. पाणी आणि फरशी एकाच लेव्हलला."

"म्हंजे बारा महिने काठोकाठ भरलेलं आगर." मग मागे वळून तुम्ही तुमच्या माणसांना तुमच्या बोलीत समजावलंत, की मिठागरात एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात कसं उतरतं, तसंच हे, फक्त इथे ते फिरून परत येणार. मला तासभर लागला असता ते काम पाच मिनिटांत झालं. मला त्याचा राग आला होता, हे आज कबूल करते.

मग आपलं भांडण सुरू झालं ते त्या काठावरूनच. जिथून पाणी सांडायचं ती कड चारी बाजूंनी एका पातळीत हवी, केसाएवढाही फरक चालणार नाही, नाहीतर एकीकडूनच पाणी सांडत राहणार आणि दुसरी बाजू कोरडी. मी माझ्या यंत्राने लेव्हल घेतली, बरोबर आली. तुम्ही पाणी भरलेली प्लास्टिकची नळी घेऊन पूर्वेच्या कोपऱ्यात उकिडवे बसलात आणि म्हणालात, "हा कोपरा बसलाय."

"यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्र नाय बोलत खोटं. पन यंत्र तिपाईवर उभं हाय नि तिपाई चिखलात उभी हाय. पानी कशावर उभं नाय."

मी तिपाई हलवून कडक जागेवर लावली, पुन्हा मोजलं. कोपरा बसला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, नळी गुंडाळून खांद्यावर टाकलीत आणि चहाला गेलात. तुम्ही काहीतरी बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं.

छप्पर वर चढवलं तो दिवस मात्र आपल्या दोघांचा होता. महिनाभर जमिनीवर जोडलेला तो सांगाडा चार क्रेनांनी एकाच वेळी उचलायचा होता. तुम्ही मध्यभागी उभे, हातात लाल फडकं, आणि चारी क्रेनवाल्यांचे डोळे तुमच्याकडे. तुमच्या घरून मथुराकाकू शेजारच्या बायकांना घेऊन बघायला आल्या होत्या, डोक्यावर पदर आणि हातात डबा. इंच इंच करत ते धूड वर गेलं, चारही कोपरे खांबांवर बसले, तेव्हा काकू मोठ्याने म्हणाल्या, "एवढंच? मना वाटलं काय व्हतंय नि काय नाय." सगळी साइट हसली. तुम्हीसुद्धा. मी तुम्हाला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मग तो आषाढ.

तुम्हाला ठाऊकच आहे, तरी पहिल्यापासून सांगते. टँक अर्धा जमिनीत होता. खाडी जवळ असल्यामुळे जमिनीतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली व्हायचं. हे मला पुस्तकाने सांगितलं होतं, तुम्ही खड्डा खणतानाच दाखवलं होतं, अमावस्येला खड्ड्यात काठी रोवून. रिकामा टँक म्हणजे मोठी हंडीच. भोवतालचं पाणी चढलं की तिला खालून वर ढकलणार. म्हणून तळाला सहा भोकं ठेवली होती, त्यांत झडपा बसायच्या होत्या. बाहेरच्या पाण्याचा जोर वाढला की झडप उघडून पाणी आत घेणार, टँक जागेवर राहणार. पण झडपा यायला उशीर झाला. तोवर गळतीची चाचणी घ्यायला आपण ती भोकं सिमेंटची बुचं मारून बंद केली होती. भोवतीच्या विहिरींतून पंप रात्रंदिवस पाणी उपसायचे, म्हणून चाललं होतं. आत तळाचा गिलावा झाला होता, फरश्या बसायला सुरुवात होणार होती. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या.

त्या अमावस्येला सकाळी मी आले तर पंप गप्प. आदल्या दिवसापासून वीज नव्हती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि जनरेटरचं डिझेल संपलं होतं. तुम्ही विहिरीत काठी घालून उभे होतात.

"म्याडम, पानी हातभर वर आयलंय. दुपारी उधानाची भरती हाय. बुचं फोडूया."

"आणि गिलावा? सगळा चिखल आत येईल."

"चिखल धुता येतो. टँक उठला तर काय धुशाल?"

मी संस्थेच्या कार्यवाहांना फोन लावला. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. आत थेंब येता कामा नये, पत्रिका वाटल्या आहेत, डिझेल आणा आणि पंप चालू करा. मी फोन ठेवून तुम्हाला तेच सांगितलं, त्यांच्याच आवाजात. "बुचांना हात लावायचा नाही. मी डिझेल घेऊन येते."

रस्ते तुंबले होते. दोन पेट्रोल पंपांवर डिझेल नव्हतं. तिसऱ्यावर मिळालं आणि दोन कॅन घेऊन मी रिक्षातून, मग टेंपोतून, मग गुडघाभर पाण्यातून चालत बारा वाजता परत आले. टँकमध्ये पाहिलं तर तळ दिसेना. चहासारखं तांबूस पाणी पोटरीपर्यंत चढलेलं, सहा जागी उकळी फुटल्यासारखं वर येतंय, आणि तुम्ही पायरीवर बसलेले, हातोडा मांडीवर, कपाळापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले.

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आठवतं, काका. सगळं आठवतं. तीस माणसांसमोर, वयाने तुमच्या मुलीएवढी असताना, मी तुम्हाला अडाणी म्हणाले. तुमच्यामुळे माझी नोकरी जाणार, असं म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "चालते व्हा इथून." तुम्ही हातोडा पायरीवर ठेवलात, टॉवेल झटकलात आणि पावसात निघून गेलात. मागे पाहिलं नाहीत.

एक वाजता माणसं शेडमध्ये जेवायला बसली होती. मी एकटीच टँकपाशी होते. आधी पायांखाली काहीतरी कण्हल्यासारखा आवाज आला, मग पाइप तुटल्याचे कडाके. मला वाटलं छप्पर आलं खाली. पण छप्पर जिथल्या तिथे होतं. मोठा टँकही जिथल्या तिथे होता. पलीकडचा लहान मुलांचा छोटा टँक, दुसऱ्या टोळीने बांधलेला, एका बाजूने वीतभर जमिनीतून वर आला होता. रिकामा, कोरडा, स्वच्छ. होडी किनाऱ्याला लागल्यासारखा तिरका उभा.

मी तिथेच खाली बसले. वीतभर उठलेला तो छोटा टँक पाहत, तसाच मोठा उठला असता तर काय झालं असतं याचा हिशोब डोक्यात आपोआप होत होता. छपराचे चारही खांब मोठ्या टँकच्याच पायाला धरून होते.

पुढचं तुम्हाला अर्धंच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट आले, कार्यवाह आले. आर्किटेक्टनी पँट वर करून टँकमध्ये उतरून एकेक भोक चाचपून पाहिलं आणि विचारलं, "बुचं फोडायचा निर्णय कोणाचा?" कार्यवाह माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम इथे होत्या. त्यांनीच प्रसंगावधान राखलं." फोनवर मला काय सांगितलं होतं ते ते सोयीने विसरले होते. आणि मी गप्प बसले. एक वाक्य होतं, काका. 'मी नाही, जोमाकाकांनी फोडली.' चार-पाच शब्दांचं वाक्य. ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मग अहवालात तेच लिहिलं गेलं, उद्घाटनाच्या भाषणात तेच बोललं गेलं, आणि त्याच्या जोरावर मला पुढची नोकरी मिळाली. माझं सगळं करिअर त्या गप्प बसण्यावर उभं आहे असं म्हटलं तर ते नाटकी होईल. पण सुरुवात तिथूनच झाली, हे खरं.

पंधरा दिवसांनी मी जूचंद्रला तुमच्या दारात आले. तुम्ही ओट्यावर जाळं दुरुस्त करत होतात. मी म्हटलं, "काका, कामावर चला." तुम्ही म्हणालात, "चहा घे, बाय." त्या दिवसापासून 'म्याडम' गेलं आणि 'बाय' आलं, 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं. मी माफी मागितली नाही, तुम्ही मागायला लावली नाहीत. तोवर उठलेला टँक फोडून राडारोडाही उचलला होता, संस्थेला घाई होती. नवा टँक बांधला, झडपा आल्या, श्रावणाऐवजी दिवाळीनंतर तलाव सुरू झाला. पहिल्यांदा पाणी भरलं आणि ते चारी बाजूंनी एकाच क्षणी जाळीत सांडायला लागलं, तेव्हा तुम्ही पंपाच्या खोलीतून पळत आलात आणि पूर्वेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलंत. एवढंच.

संस्थेने तुम्हाला पंपाच्या खोलीवर कायमचं ठेवून घेतलं. माझी मुलगी तिथेच पोहायला शिकली. ती तुम्हाला पाणीवाले आजोबा म्हणायची. तुम्ही स्वतः मात्र त्या पाण्यात कधी उतरला नाहीत. खाडी पोहून पार करणारे तुम्ही! मी दरवेळी आग्रह करायचे, दरवेळी तेच उत्तर. "धोतरावर उतरू देत नाय. नि ती चड्डी घालून मी एवढ्या लोकांत नाय येनार. पोवायला काय लाज सोडावी लागते?" हा वाद आपला मिटायचा राहिला. मला अजून वाटतं की सकाळी लवकर, कोणी नसताना, तुम्ही एकदा उतरायला हवं होतं. आणि मला थोडा संशयही आहे की कधीतरी उतरला असाल.

आता त्या रविवारचं.

तुम्ही खाटेवर होतात, उशाला तीन उश्या, श्वास लागलेला. मथुराकाकू आत स्वयंपाकात. मी वाटेवर पंचवीस वेळा म्हणून पाहिलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. की बुचं तुम्ही फोडलीत आणि श्रेय मी घेतलं, अहवालात, भाषणात, सगळीकडे. दहा वर्षं.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "एवढंच?"

"एवढंच काय काका?"

"माझं पन एक हाय. तुझ्यापेक्षा वंगाळ हाय."

आणि मग थांबत थांबत, मध्ये पाणी पीत, तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी मोठ्या टँकची बुचं फोडून झाल्यावर तुम्ही छोट्याकडेच निघाला होतात. तोही उठणार हे तुम्हाला दिसत होतं. जरा दम खायला पायरीवर बसलात, तेवढ्यात मी आले. मी बोलले ते बोलले. आणि तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या मनात आलं, उठू दे. बाईला कळू दे.

"तासभर व्हता हातात. नुसतं वरडून सांगितलं असतं तरी चाललं असतं. सकाळी तिथं फरशीवाला काम करत व्हता. जेवायला गेला म्हनून. नायतर पाइपाखाली..." तुम्ही पाण्याचा घोट घेतलात. मग म्हणालात, "रोज त्या टँकात पोरं खेलतात नि मी रोज बगतो."

दहा वर्षं, काका! मी वरच्या फरशीवर मुलीचे ओले केस पुसत होते आणि तुम्ही खाली पंपाच्या खोलीत. दोघंही एकमेकांशी हेच बोलणं चुकवत.

मी तुमचा हात धरला. म्हटलं, "काका, छोट्या टँकला भोकंच ठेवली नव्हती. नकाशातच नव्हती, मी स्वतः पाहिलंय. कमी खोल म्हणून गरज नाही असं धरलं होतं. तुम्ही हातोडा घेऊन गेला असतात तरी फोडायला काही नव्हतं."

तुम्ही डोळे उघडलेत. "भोकं नवती?"

"नव्हती."

"शपत?"

"माझ्या मुलीची शपथ."

तुम्ही छताकडे पाहत राहिलात. मग म्हणालात, "पन सांगता तरी आलं असतं. पानी वतून भरा म्हनून."

"मी ऐकलं असतं का?"

तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. "नाय," म्हणालात, आणि हसायला लागलात. हसता हसता खोकला आला, मला तुमची पाठ चोळायला लागली, काकू आतून धावत आल्या, "काय झालं, काय झालं?" आणि आपण दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतोय. मला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तुमच्याही चेहऱ्यावर ओझं उतरल्याचं दिसत होतं, हे मी माझ्या समाधानासाठी म्हणत नाही. काकूंनीही ते पाहिलं.

निघताना तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, "माझ्या मागं सगल्यांना सांग. पन तुझं सांगशील तवा माझं पन सांग. नायतर तुझं एकटीचंच दिसंल."

एक गोष्ट मी त्या दिवशीही विचारली नाही. 'चालते व्हा' म्हणाले ते तुम्ही विसरलात का. हसण्याच्या भरात राहून गेलं, किंवा मीच राहू दिलं. विसरला नसाल. बहुतेक नाहीच.

काल तुमच्या बाराव्याला मी आले. अंगण भरलं होतं. तुमचा मुलगा, सून, गावातली माणसं, त्या वेळचे साइटवरचे चार-पाच जण, आणि संस्थेचे आताचे कार्यवाह. दिवसकार्य आटोपल्यावर मी उभी राहिले. मी आधी माझं सांगितलं, मग तुमचं, जसं तुम्ही म्हणाला होतात तसं. काही वगळलं नाही. कार्यवाह मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, पंपाच्या खोलीच्या दारावर तुमचं नाव लावू. मी म्हटलं, लावा, पण अहवालही दुरुस्त करा, मी लिहून देते. ते हो म्हणाले. तुमचा मुलगा रडला.

मथुराकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "त्या छोट्या टँकात तवा कोन नवतं ना?"

"नव्हतं, काकू. कोणीच नव्हतं."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "चला, पानं वाढा. पोर लांबून आयलीय, भुकेली असंल."

मी पोटभर जेवले, काका. भात दोनदा घेतला.